तिसरा कोण?

गेल्या वर्षी विम्बल्डनला तिसरा नंबर कुणाचा आला, सांगा पाहू? गूगल नका करू. नाही सापडणार. कारण विम्बल्डनला तिसरा नंबर येतच नाही. सेमीफायनल हरलेले दोघं आपापले चेक घेतात, किटबॅगा खांद्याला मारतात आणि पुढच्या गावाला जातात. टेनिसवाल्यांचं वर्षभर हेच चालतं. हरलात? बॅग भरा.

फक्त चार वर्षांतून एकदा एक स्पर्धा अशी येते जी सेमीत हरलेल्याला दारात अडवते. थांबा साहेब, कुठे निघालात? अजून एक मॅच आहे. जिंकलात तर गळ्यात ब्राँझ. हरलात तर काहीच नाही. ‘काहीच नाही’चं ऑफिशियल नाव आहे चौथा नंबर.

तर मंडळी, मी या मॅचची फॅन आहे. लोक फायनलचे फॅन असतात, नदालचे असतात, काही जण तर नुसते फेडररच्या हेअरबँडचे असतात. (तो क्लब मीही जॉइन केला होता, नाही कशाला म्हणू!) पण पोटात गोळा आणणारी मॅच विचाराल तर ब्राँझची. फायनल हरलेला निदान सिल्व्हर घेऊन उभा असतो, तोंड पाडून का होईना. ब्राँझच्या मॅचला दोन्ही बाजूंना आधीच हरलेली माणसं असतात आणि त्यांतल्या एकाला अजून एकदा हरायचं असतं. कसला भारी आणि कसला दुष्ट प्रकार आहे हा!

आता यातला खरा फंडा ऐका, कारण मॅच बघताना तो माहीत असला की सगळं वेगळंच दिसतं. १९८८ मध्ये सोलला टेनिस ऑलिम्पिकमध्ये परत आलं, तेव्हा ही मॅच नव्हतीच. सेमी हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळायचं. १९९२ ला बार्सिलोनातही तसंच. त्या वर्षी आपले रमेश कृष्णन आणि लिअँडर पेस डबल्सच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेले होते. अजून एक मॅच काढली असती तर मेडल पक्कं होतं. नाही निघाली. मग १९९६ ला अटलांटात नियम बदलला आणि तिसऱ्या नंबरसाठी मॅच ठेवली गेली. एशियन गेम्समध्ये मात्र सेमीत पोचलात की ब्राँझ खिशात, ही पद्धत चालू राहिली. म्हणजे खेळ तोच, नेट तेवढंच उंच, पण एका ठिकाणी सेमीनंतर झोप लागते आणि दुसऱ्या ठिकाणी लागत नाही.

अटलांटाच्या वेळी मी दोन वर्षांची होते, त्यामुळे माझ्याकडे आठवण नाही, कात्रण आहे. बाबा जालन्याला शाळेत शिक्षक. त्यांनी पेसचा फोटो पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दार उघडलं की पेस, बंद केलं की आरसा. शाळेचा युनिफॉर्म काढताना मी रोज त्याला बघायचे, त्यामुळे बरीच वर्षं तो माझा लांबचा काका वगैरे असावा असा माझा समज होता.

गोष्ट आहेच तशी. वर्ल्ड रँकिंग १२६. एंट्री वाइल्ड कार्डवर. वाटेत थॉमस एनक्विस्टसारखा तगडा गडी पडला. सेमीत समोर आगासी, तेही आगासीच्याच देशात. पेस ७-६, ६-३ हरला. मनगट दुखावलेलं. आणि मग ३ ऑगस्ट १९९६ ला ब्राझीलच्या फर्नांडो मेलिगेनीशी ब्राँझची मॅच. पहिला सेट गेला ३-६. पुढचे दोन ६-२, ६-४. १९५२ ला हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं होतं, त्यानंतर एकट्या भारतीय खेळाडूला मिळालेलं हे पहिलंच मेडल. मध्ये गेली ४४ वर्षं. म्हणजे आख्खी सर्व्हिस करून माणूस रिटायर होईल एवढा काळ.

आणि एक गंमत. लिअँडरचे वडील व्हेस पेस, मूळचे गोव्याचे. १९७२ च्या म्युनिकच्या हॉकी टीममध्ये ते होते आणि त्या टीमनेही ब्राँझ मिळवलं ते तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये, हॉलंडला २-१ हरवून. बापलेक दोघांनीही मेडल आणलं ते सेमी हरल्यावर परत मैदानात उतरून. डॉक्टर व्हेस पेस २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. बातमी वाचली तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. बाबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, “कपाटातलं कात्रण अजून आहे गं.”

अथेन्स २००४ मात्र मी स्वतः पाहिलं. म्हणजे अर्धं पाहिलं. पेस आणि महेश भूपती, समोर क्रोएशियाचे मारिओ अँचिच आणि इव्हान ल्युबिचिच. पहिला सेट टायब्रेकरवर गेला, दुसरा आपण ६-४ घेतला, तिसरा सुरू झाला आणि… लाइट गेली. मराठवाड्यात वाढलेल्यांना याचं वेगळं स्पष्टीकरण नको. भारनियमनाचं टाइमटेबल आमच्या घरी देवघराच्या शेजारी लावलेलं असायचं, आणि टाइमटेबलमध्ये नसतानाही ती जायचीच. तेव्हा शेवटच्या सेटला टायब्रेकर नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. आम्ही दोघं अंधारात बसलो होतो आणि तिकडे ते खेळत होते. बाबा अंदाज बांधत होते. आता ८-८ असेल. आता १०-९. आई म्हणाली, जेवून घ्या. आम्ही मेणबत्तीत जेवलो, हात धुतले, आणि ते अजूनही खेळतच असणार असं बाबा म्हणाले. खरंच खेळत होते! जवळजवळ चार तास. १६-१४. क्रोएशिया.

आकडा पेपरात वाचला तेव्हा मला आधी ती प्रिंटिंग मिस्टेक वाटली. टेनिसमध्ये १६ कुठून आले? आणि त्याच अथेन्समध्ये पुरुष सिंगल्सची ब्राँझची मॅचसुद्धा तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ लाच संपली! चिलीच्या फर्नांडो गोन्झालेझने अमेरिकेच्या टेलर डेंटला हरवलं. दोन मॅचेस, दोन्ही ब्राँझच्या, दोन्ही १६-१४. त्या आठवड्यात अथेन्समध्ये चौथं यायला कुणीच तयार नव्हतं, एवढाच याचा अर्थ.

ताईगिरी सोडून आता जरा शेंद्र्याकडे येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेंद्रा म्हणजे आमच्या शहरापासून जालना रोडने निघालं की चिकलठाण्याचं विमानतळ मागे टाकून लागणारी एमआयडीसी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. बसमधले लोक मात्र दोन्ही नावं सोडून नुसतं ‘गावात’ म्हणतात. “गावात जातेस का संध्याकाळी?” शेंद्र्यात टेनिस बघणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आणि त्यातली बरीचशी बोटं माझीच. कँटीनच्या टीव्हीवर क्रिकेट लागतं. क्रिकेट नसेल तर जुनं क्रिकेट. टेनिस खेळायचं तर गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल गाठायचं, आणि दिवसभर लाइनवर उभं राहिल्यावर गारखेड्यापर्यंत जायचा उत्साह ज्याला आहे त्याला आमचा दंडवत.

मी शेंद्र्यात आले २०१६ च्या जूनमध्ये. ट्रेनी इंजिनिअर, प्रॉडक्शन प्लॅनिंग. सिडकोत पीजी, एका खोलीत तिघी, एक फॅन, आणि माझ्या फोनचा डेटा पॅक महिनाअखेरीला धापा टाकायचा. ऑगस्टमध्ये रिओ. सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णाने क्वार्टर फायनलमध्ये अँडी मरे आणि हेदर वॉटसनला सरळ सेटमध्ये उडवलं. मरे! ज्याने त्याच ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सचं गोल्ड घेतलं तो! मी पीजीत मिठाई वाटणार होते, पण बजेट नव्हतं म्हणून पार्ले-जी वाटली.

सेमी शनिवारी रात्री उशिरा. समोर व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम. पहिला सेट ६-२ आपला. इथून जिंकलो तर किमान सिल्व्हर पक्कं होतं. मी पांघरुणात तोंड घालून फोन बघत होते आणि आवाज बंद होता, कारण रूममेटची सकाळी परीक्षा होती. दुसरा सेट २-६. सुपर टायब्रेकर ३-१०. आवाज बंद असताना हरणं जास्त वाईट दिसतं. फक्त चेहरे दिसतात.

आणि रविवारी परत कोर्टवर. हाच तो प्रकार. आदल्या मॅचचा घाम नीट वाळलेला नाही तोवर ब्राँझसाठी उभं राहायचं. समोर चेक जोडी, लुसी ह्रादेत्स्का आणि राडेक स्टेपानेक. आता शेंद्र्यात ‘चेक’ म्हटलं की एकच गोष्ट आठवते, स्कोडा! २००१ पासून इथे त्यांचा प्लँट आहे, आणि आजूबाजूच्या निम्म्या गल्ल्या त्यांच्या गाड्यांचे काही ना काही भाग बनवून जगतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एकाने मला सुनावलंच, “कस्टमर हरला असता तर ऑर्डर कमी झाली असती मॅडम, बरं झालं.” स्टेपानेकचं अजून एक दुखणं. हाच बाबा पेसचा पार्टनर म्हणून ऑस्ट्रेलियन ओपन आणि यूएस ओपन जिंकला होता. म्हणजे कालपर्यंत आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतो. १-६, ५-७. दुसऱ्या सेटमध्ये जरा जीव आला होता. जरा.

त्याच रविवारी रात्री दीपा कर्माकर व्हॉल्टच्या फायनलमध्ये चौथी आली. १५.०६६ पॉइंट्स, ब्राँझ ०.१५० ने हुकलं. एका दिवसात भारताचे दोन चौथे नंबर! आणि १५ ऑगस्टच्या सकाळी झेंडावंदनाला आम्ही सगळे जमलो तेव्हा काय चर्चा होती माहितीये? दीपा ग्रेट. (होतीच. त्याच वर्षी तिला खेलरत्न मिळालं.) आणि सानिया-बोपण्णा? “ते काय, वर्षभर फॉरेनला खेळतात, पैसे कमावतात, देशासाठी खेळायचं म्हटलं की गळपटतात.” लाडू खाता खाता हे चाललं होतं. मी ट्रेनी, सगळ्यात ज्युनिअर, हातात कागदी प्लेट. पण राहवलं नाही. म्हटलं, सर, चौथा नंबर तोच आहे ना? एकीचा चौथा नंबर फुलांचा हार आणि दुसरीचा शिवी, हे कसं काय? साहेब म्हणाले, “बरं, चहा घे.”

यावर मी नंतरही खूप विचार केलाय. दीपाकडून कुणाला अपेक्षा नव्हती म्हणून तिचा चौथा नंबर वर चढल्यासारखा दिसला. सानियाकडून मेडल गृहीत धरलं होतं म्हणून तिचा खाली पडल्यासारखा. पण मॅच बघणाऱ्याला दिसतं की ज्यांना आपण गळपटले म्हणतो, ते शनिवारी हरून रविवारी परत आले होते. दीपाला तेवढं तरी करावं लागलं नाही. तिला निकाल एकदाच ऐकायचा होता. यांना दोनदा.

सप्टेंबरमध्ये आमच्याकडे ट्रेनींच्या कन्फर्मेशनची यादी लागली. सात जणांतले तिघं कायम. मला केबिनमध्ये बोलावून सांगण्यात आलं, “यू वेअर व्हेरी क्लोज.” किती क्लोज, ते मी विचारलं नाही, मला स्वतःला आकडा माहीत होता. (कंपनीचं नाव विचारू नका, आता मी तिथे नाही. पण शेंद्रा सुटलं नाही, दोन गल्ल्या पलीकडे आहे.) रात्री पीजीत सगळ्यांनी खूप सांत्वन केलं, घरून तीन फोन आले, झोपायला दोन वाजले. आणि सकाळी ७:१० ला सिडको बसस्टँडच्या कोपऱ्यावर बस उभी. तीच बस, तेच चेहरे, आणि ते तिघं कन्फर्म झालेले तिसऱ्या रांगेत. त्या दिवशी मी नेहमीएवढेच पार्ट्स प्लॅन केले. एकाही पार्टला काही कळलं नाही. दुपारी डब्यात भेंडी होती.

तेव्हापासून कुठल्याही ब्राँझच्या मॅचला खेळाडू बोगद्यातून बाहेर येतात ना, तेव्हा मी टॉस बघत नाही, त्यांचे डोळे बघते. झोपलेत का हे?

सगळेच झोपत नाहीत. जोकोविचचं उदाहरण घ्या. मी फेडररवाली, त्यामुळे या माणसाबद्दल चांगलं लिहिताना बोटं दुखतात, तरी लिहिते. २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ. २०१२ ला लंडनमध्ये डेल पोत्रोकडून ब्राँझची मॅच हरला. रिओत पहिल्याच राउंडला परत तोच डेल पोत्रो, आणि हा रडत बाहेर. टोकियोचं ऑलिम्पिक २०२१ मध्ये झालं, तिथे सेमीत झ्वेरेव्हकडून हरला आणि ब्राँझच्या मॅचमध्ये पाब्लो कारेन्यो बुस्ताकडून. त्या मॅचमध्ये त्याने एक रॅकेट रिकाम्या स्टँडमध्ये भिरकावली आणि दुसरी नेटच्या खांबावर आपटून तोडली. मिक्स्डमध्येही ब्राँझची मॅच खेळायची होती, ती दुखापतीमुळे सोडली. त्याची पार्टनर निना स्टोयानोविच न खेळताच चौथी. तिचं काय झालं असेल त्या दिवशी? आख्ख्या जगाने तुटलेल्या रॅकेटचे फोटो छापले, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये, ३७ व्या वर्षी, जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना त्याने अल्कराझला ७-६, ७-६ हरवून गोल्ड घेतलं आणि क्लेवर गुडघे टेकून हमसून रडला. रविवार होता, मी जालन्याला होते. बाबा म्हणाले, “आता तरी याला माफ कर.” केलं. त्या दिवसापुरतं.

फेडररचं सांगायचं तर तोही यातून गेलाय. सिडनी २०००, वय १९, ब्राँझच्या मॅचमध्ये फ्रान्सच्या आर्नो दी पास्क्वालकडून हरला. पण त्याच सिडनीत त्याला मिर्का भेटली, जी पुढे त्याची बायको झाली. चौथ्या नंबरला एवढं कन्सोलेशन प्राइझ दुसऱ्या कुणाला मिळालेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि आता हांगझोऊ. तारीख ३० सप्टेंबर २०२३, वार शनिवार, आमच्याकडे महिनाअखेरीचं डिस्पॅच. एशियन गेम्स, मिक्स्ड डबल्सची फायनल. रोहन बोपण्णा, वय ४३, शेवटचे एशियन गेम्स. पुरुष डबल्समध्ये युकी भांब्रीबरोबर उझबेक जोडीकडून लवकरच हरून बसलेला. आणि त्याच्या शेजारी ऋतुजा भोसले. वय २७. श्रीरामपूरची, पुण्यात टेनिस, मग अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या टीमकडून खेळलेली.

आमच्या स्टोअर्समध्ये एक काका आहेत, नेवाशाकडचे. रिटायरमेंटला तेव्हा दोन वर्षं बाकी होती. टेनिसशी संबंध शून्य. मी डबा उघडून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला तसे ते शेजारी येऊन बसले. “कोण हाय?” म्हटलं, काका, श्रीरामपूरची मुलगी आहे. झालं! “श्रीरामपूरची म्हंजे आमचीच की मॅडम!” दोन मिनिटांत टेबलाभोवती आठ माणसं. टेनिस कुणालाच कळत नव्हतं, श्रीरामपूर सगळ्यांना कळत होतं.

काकांचे प्रश्न ऐकण्यासारखे होते. “मिक्स म्हंजे नवराबायको का?” नाही काका. “मंग तो एवढा उंच गडी हाय, त्यानंच सगळी सर्व्हिस करावी की, पोरीला कशाला?” म्हटलं, नाही चालत, चौघांनाही पाळीपाळीने करावीच लागते. “हां, म्हंजे लपाया जागा नाही.” मिक्स्ड डबल्सची याहून चांगली व्याख्या मी कॉमेंटरीत ऐकलेली नाही.

समोर चायनीज तैपेईची लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. लिआंग २०१८ ची ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनिअर चॅम्पियन, म्हणजे पाहुणी नव्हे. पहिला सेट २-६ गेला. टेबलावर शांतता. कुणीतरी उठून ताक आणायला गेलं. आणि मी बघत होते ते बोपण्णाकडे. डबल्समध्ये प्रत्येक पॉइंटनंतर पार्टनर एकमेकांच्या हाताला हात लावतात, पॉइंट मिळो वा जावो. टेनिसवाल्यांना ते सवयीचं झालेलं असतं, आपण बघतही नाही. पण २-६ ने मागे असताना ४३ वर्षांचा माणूस, ज्याला परत ही स्पर्धा मिळणार नाही, तो हात पुढे करताना चेहऱ्यावर काय ठेवतो? मी शोधत होते, कुठे वैताग दिसतोय का. मला तरी नाही दिसला.

मॅनेजर लोकांनी हे क्लिप करून ठेवावं. आमच्याकडे त्याच महिन्यात स्टॉक मोजताना नव्या ट्रेनीने दोन बिनचे आकडे उलटसुलट लिहिले होते आणि काकांना सगळी रॅक परत मोजावी लागली. काका काय म्हणाले? “चल, पुढला बिन.” बास. मी फोनकडे बघून काकांकडे बघितलं. काका भाकरी मोडत होते.

दुसरा सेट ६-३. सुपर टायब्रेकर १०-४. गोल्ड!

तुम्हाला सांगते, मी टेबलावर चढायची बाकी होते. पण काकांचा पुढचा प्रश्न आला, “हरली असती तर?” म्हटलं, तर सिल्व्हर. “आन् त्याच्या आधी हरली असती तर?” तर ब्राँझ, इथे सेमी हरलेल्या दोघांनाही मिळतं. काका खूश. “हे बरं हाय. एवढ्या लांब गेल्यावर रिकाम्या हातानं कुणी यावं का?”

आणि तिथे मी अडकले. कारण हिशोब सोपा आहे. काकांचा नियम ऑलिम्पिकला चालू राहिला असता तर पेस-भूपतींना अथेन्सचं ब्राँझ मिळालं असतं, सानिया-बोपण्णाला रिओचं. टेनिसमध्ये भारताची तीन मेडल्स असती, आज एकच आहे. झेंडावंदनाला कुणी गळपटले म्हणालं नसतं. पेसने ज्याला हरवलं तो मेलिगेनीसुद्धा मेडल घेऊन ब्राझीलला गेला असता. त्याऐवजी ब्राझीलला टेनिसचं पहिलं मेडल मिळायला टोकियो उजाडावं लागलं, २५ वर्षं. लॉरा पिगोसी आणि लुइसा स्टेफानी, ब्राँझच्या मॅचच्या सुपर टायब्रेकरमध्ये ५-९ ने मागे, समोर चार मॅच पॉइंट. तिथून सलग सहा पॉइंट घेऊन ११-९. ती मॅच मी लंच टाइम संपल्यावरही स्टोअर्सच्या मागे उभी राहून हायलाइट्समध्ये तीनदा पाहिलीय.

म्हणजे नियम दयाळू असता तर ही मॅच झालीच नसती. पेसचा ३-६ नंतरचा दुसरा सेट झाला नसता, मेणबत्तीतलं जेवण झालं नसतं. फॅन म्हणून मला ती मॅच हवी आहे. पण ती हवी म्हणताना रिओतले ते दोघं आणि टोकियोतली निना डोळ्यांसमोर येतात, आणि मग मी काकांच्या बाजूने जाते. दर वेळी मी काकांच्या बाजूने जाते, आणि दर चार वर्षांनी ब्राँझच्या मॅचला अलार्म लावते.

त्या शनिवारचं पुढे काय झालं? कँटीनमध्ये ऋतुजाचं राज्य संध्याकाळपर्यंत टिकलं. मग स्क्वॉशमध्ये आणि हॉकीत पाकिस्तानला हरवलं, हॉकीत तर १०-२. दुसऱ्या दिवशी बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसचं गोल्ड घेऊन आला आणि बीडवाल्यांनी श्रीरामपूरवाल्यांची बोलती बंद केली. बोपण्णाने पुढच्याच जानेवारीत मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, डबल्सला वर्ल्ड नंबर वन झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये रॅकेट ठेवली. तेव्हा त्याच्या खात्यात एशियन गेम्सची दोन गोल्ड होती, ऑलिम्पिकचं काही नव्हतं. रिओचा तो रविवार त्याच्या बायोडेटात कुठेच दिसत नाही.

पुढचं ऑलिम्पिक २०२८ ला, लॉस एंजेलिसमध्ये. मी हिशोब करून ठेवलाय. तिथल्या जुलैत आपल्यात आणि त्यांच्यात साडेबारा तासांचा फरक असतो. म्हणजे तिथे संध्याकाळी साडेसहाला मॅच सुरू झाली तर इथे सकाळचे सात. सातला मी बसस्टँडच्या कोपऱ्यावर, ७:१० ला खिडकीजवळची सीट. विमानतळाच्या पुढे रेंज दोन मिनिटं जाते, तेवढं सोडलं तर गेटपर्यंत एक सेट आरामात होतो.